आंघोळीचा वेळ

हॅचरीत तिला सगळे बाळंतीण म्हणू लागले होते. सुरुवात लांबीने केली. लांबी तिच्याच टेबलावर काम करायची, दारातून येताना मान वाकवावी लागेल एवढी उंच. नावं ठेवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. स्वतःचं टोपणनावही तिने स्वतःच पसरवलं होतं, म्हणजे दुसऱ्या कुणाला ती मजा मिळू नये. रजा संपवून ही कामावर परतली त्या सकाळी लांबी म्हणाली, "आली बाई बाळंतीण. आता अंडी जरा आईच्या मायेने उबतील." बाया हसल्या. तीही हसली. नाव मात्र चिकटलं.

काम अंधाऱ्या खोलीतलं. टेबलाच्या मधोमध काचेखाली दिवा, त्यावर अंड्यांचा ट्रे सरकवायचा आणि खाली बघत राहायचं. ज्यात जीव धरला आहे ते अंडं काळसर दिसतं, त्याच्या कडेला लाल शिरा फुटलेल्या असतात. ज्यात काहीच नाही ते पिवळं, उजळ. मेलेल्यात नुसतं रक्ताचं कडं. उजळ आणि मेलेली अंडी उचलायची, बाकीचा ट्रे पुढे ढकलायचा. सडकं अंडं हातात फुटलं तर सगळा ट्रे वाया, म्हणून बोटांनी धरायचं ते फुलासारखं. दिवसभर मान खाली आणि डोळे उजेडात; संध्याकाळी बाहेर आलं की रस्ता, झाडं, माणसं सगळी थोडी लाल दिसत.

आत येण्याचा नियम एकच, पण कडक. बाहेरचे कपडे एका बाजूला टांगायचे, डोक्यावरून आंघोळ करायची, पलीकडच्या दाराने निघून हॅचरीचे धुतलेले निळे कपडे घालायचे. साहेब असो, झाडूवाली असो, आंघोळीशिवाय आत पाऊल नाही. घरी कोंबडी पाळायची नाही, बाजारात कोंबडीला हात लावायचा नाही. बाहेरच्या पक्ष्यांचा रोग अंगावरून आत आला तर पिल्लं पाटीने टाकावी लागतात, हे सुपरवायझर प्रत्येक नव्या माणसाला सांगे आणि जुन्यांना पुन्हा पुन्हा सांगे.

पोरीला पाजायला सुट्टी मागायची, हे तिला दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं होतं. बाळ लहान असेपर्यंत दिवसातून दोनदा, पगार न कापता, तसा कायदाच आहे म्हणाली. ती भीत भीत सुपरवायझरकडे गेली. नकाराला काय उत्तर द्यायचं ते तिने घोकून ठेवलं होतं. पण त्याने नकार दिलाच नाही. कायदा आहे म्हटल्यावर कोण अडवणार, खुशाल जा अर्धा-अर्धा तास, असं तो हसून म्हणाला. फक्त आत येताना आंघोळ.

घरी तिने हे सांगितलं तेव्हा सासू लसूण सोलत होती. हात थांबले.

"इतक्या सहज हो म्हणाला?"

"कायदाच आहे म्हणाला."

"मग त्यात काहीतरी आहे," सासू म्हणाली आणि पुन्हा सोलायला लागली.

तिचा नवरा बोअरच्या गाडीवर होता. उन्हाळा तापला की गाडी गावोगाव फिरे आणि तो महिना महिना घरी येत नसे. फोन केला की मागे यंत्राची घरघर, आणि त्यातून त्याचं एकच वाक्य नीट ऐकू येई, "तू बघ, तुला कळतं ते." त्यामुळे घरात निर्णय दोन बायकांचे. सासूने पोरीला सांभाळायचं आणि दोन्ही वेळेला फाटकावर घेऊन यायचं, एवढं ठरलं.

पहिले काही दिवस बरे गेले. मग पाणी आटलं. हॅचरीची विहीर तळाला गेली, टँकर एक दिवसाआड येऊ लागला. दोन न्हाणीघरांपैकी एकाला सुपरवायझरने कुलूप घातलं, दुसऱ्यातला फवारा सुतासारखा बारीक केला. अंगाचा साबण निघायलाच वेळ लागे, केसांचं तर विचारायला नको. सकाळी सगळ्या बाया रांगेत उभ्या राहून आत जात, ते एकदाच. हिला मात्र दिवसातून आणखी दोनदा.

अर्ध्या तासातलं मग उरणार काय? ती कपडे बदलून फाटकाकडे पळे. भिंतीच्या सावलीत सासू पोरीला घेऊन बसलेली असे. पोर आधी दोन-चारदा तोंड मारून सोडून देई, पान्हा फुटायला आपला वेळ लागे. दूध उतरून पोरीचे डोळे जडावू लागले की वॉचमन काठी आपटे. त्याला तसं सांगितलेलं होतं. तोंडातून काढलेली पोर रडत राही, आणि ती त्या रडण्याकडे पाठ करून सुतासारख्या पाण्याखाली उभी राही. उशीर झाला म्हणून सुपरवायझर रागवत नसे. तो नुसता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघे, मग तिच्याकडे.

बाया मात्र बोलू लागल्या. आधी तिच्या मागे, मग ऐकू येईल एवढ्या मागे. तिचे ट्रे आपल्याला ओढावे लागतात. कायदा तिला, कंबरदुखी आपल्याला. एकजण म्हणाली की आपल्या वाटचं पाणी तिच्या अंगावर जातं, आणि यावर कुणीच हसलं नाही, कारण संध्याकाळी हात धुवायला खरोखरच पाणी नसे.

त्यात शेजारची खोली पिल्लांची. तिथलं दार उघडलं की शेकडो चोचींचा चिवचिवाट एकदम आत येई आणि तिच्या छातीत कळ उठे. निळा सदरा समोरून ओला होई. ती हात आडवे धरून ट्रेवर वाकून राही. एकदा लांबीने हे पाहिलं. तिने हिला ढकलून टेबलाच्या आतल्या बाजूला बसवलं आणि आपण दाराकडे बसली. हिला वाटलं, चांगुलपणा केला. रात्री वाटलं, लांबीच्या मनात काय आहे कोण जाणे.

अशात पोर पिईनाशी झाली. सकाळी घरी प्यायची, रात्री प्यायची, पण फाटकावर तोंड फिरवायची. अंगावर घेतलं की डोळे मिटायची, पोट भरल्यासारखी. दूध साठून छाती दगड होई. ती न्हाणीघरात भिंतीला टेकून हाताने पिळून काढे, आणि ते दूध पाण्याबरोबर मोरीत जाताना बघवत नसे. सासूला विचारलं तर म्हणे, उन्हाने पोर सुस्तावते. पण सासू हे सांगताना पोरीचं फडकं नीट करत होती. सासू कधी नजर चुकवून बोलणारी बाई नव्हती. भांडायची तर समोर उभी राहून भांडायची.

मग तिला वास आला. पोरीच्या डोक्याला, तेलाच्या वासाखाली, आणखी काहीतरी. उकळत्या पाण्यात काही बुडवल्यासारखं, ओलं आणि करपट. तिने रात्री सासूचे हात पाहिले. बोटांची टोकं धुण्याच्या दिवशी होतात तशी पांढरी, सुरकुतलेली. धुणं तर ती स्वतः करत होती.

त्याच आठवड्यात हॅचरीत पिल्लांचा एक घाणा बिघडला. पिल्लं बाहेर आली पण बेंबी ओली, पोट फुगलेलं, पायात जोर नाही. पाट्याच्या पाट्या बाहेर गेल्या. सुपरवायझरने सगळ्यांना एका रांगेत उभं केलं आणि हळू आवाजात सांगितलं की हे बाहेरून आलेलं आहे, आणि कुणाच्या अंगावरून आलं ते निघाल्याशिवाय राहणार नाही. नाव त्याने घेतलं नाही. कुणीच घेतलं नाही. पण दिवसातून दोनदा बाहेर कोण जातं हे सगळ्यांनाच ठाऊक होतं, आणि त्या दिवशी जेवताना तिच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ती फाटकावर आली तर सासू आलेली नव्हती. वाट बघत उभं राहण्यापेक्षा आपणच सामोरं जावं म्हणून ती रस्त्याने निघाली. वळणावर चिकनचं दुकान होतं. दुकानाच्या मागच्या बाजूला पत्र्याची पडवी, चुलीवर मोठं पातेलं, आणि पातेल्याशी सासू. मेलेली कोंबडी पायाला धरून उकळत्या पाण्यात बुडवायची, वर काढून मूठमूठ पिसं ओढायची. हात सराईत चालत होता. दोन पावलांवर दुकानदाराच्या बायकोच्या मांडीवर तिची पोर होती, बाटली ओढत.

सासूने तिला पाहिलं. हातातली कोंबडी खाली ठेवली नाही.

"आई, तुम्हाला माहीत होतं ना, मला कोंबडीला हात लावायची बंदी आहे?"

"तुला आहे. मला कुणी घातली?"

"पोर तुमच्याजवळून माझ्या अंगावर येते."

"म्हणून तर फडकं बदलून आणते. हात घासून घेते. एवढं कळतं मला."

"कधीपासून?"

"तू मोठी सुट्टी मागून आलीस ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून." सासूने आता कोंबडी परातीत टाकली. "अगं, कायद्याने सुट्टी देतात आणि महिन्याने घरी बसवतात. माझं आयुष्य गेलं असल्या साहेबांपुढे. तुझी नोकरी जाणार हे मला त्याच रात्री दिसलं. तेव्हा घरात काय शिजवायचं, याची मी आधी सोय करून ठेवली. चुकलं का?"

नोकरी जाईल या भीतीने सासूने नेमकं तेच काम धरलं होतं, ज्याने नोकरी जाऊ शकत होती. हे तिला बोलता आलं असतं. पण सासूच्या मनगटावर भाजल्याचा ताजा फोड होता. पोर पोटभर प्यालेली होती. ती तशीच परत फिरली.

त्या दुपारी तिने अंग इतकं घासलं की आतल्या बायांनी येऊन दार बडवलं. पुढचे दिवस ती अंडी धरताना स्वतःच्या बोटांकडे बघत राही. आपल्यामुळे झालं असेल का? तिने मनाशी सगळं मांडून पाहिलं. सासू हात धुते, फडकं बदलते. आपण आंघोळ करतो, कपडे बदलतो. मग कसं येईल? पण वास तर आला होता. वास येतो तर बाकीचंही येत असेल. होय म्हणायला पुरावा नाही, नाही म्हणायलाही नाही. घरी सासूशी बोलणं जेवणापुरतं उरलं. सासू कामाला जातच राहिली, फक्त आता लपवत नव्हती.

एका संध्याकाळी सुपरवायझरने तिला ऑफिसात बोलावलं. बस म्हणाला. आजवर त्याने कुणाला बस म्हटलं नव्हतं, म्हणून ती उभीच राहिली. उद्या कामगार खात्याच्या बाई तपासणीला येणार आहेत, तो म्हणाला, आणि बायांच्या सुट्ट्यांचं विचारणार आहेत.

"तू एवढंच सांग, की सुट्टी मी माझ्या मर्जीने सोडली. पोर आता बाटली घेते."

बाटली. तिच्या कानात तो एकच शब्द राहिला. बाटलीचं तिने हॅचरीत कुणाजवळ काढलं नव्हतं.

तोही समजून चुकला की तिला समजलं. मग त्याने आडपडदा ठेवला नाही. आमच्या घरी चिकन त्याच दुकानातून येतं, म्हणाला. "तुझ्या घरचं मी काही विचारत नाही. तू माझ्या पाण्याचं काही बोलू नकोस. दोघांचंही भागेल."

घरी जाताना ती हळू चालली. त्याला माहीत होतं. किती दिवसांपासून? घाणा बिघडला त्याच्या आधीपासून माहीत असेल, तर त्याने तिला रोज आत का येऊ दिलं? ज्याला रोगाची खरी भीती आहे तो एक दिवस थांबणार नाही, दारातच अडवेल. म्हणजे पिल्लं हिच्यामुळे मेली असं त्याला स्वतःलाच वाटत नव्हतं. किंवा वाटत होतं आणि ते त्याने जपून ठेवलं होतं, लागेल तेव्हा वापरायला. दोन्हींतलं कुठलं वाईट, हे तिला ठरवता येईना. एवढं मात्र दिसत होतं की उद्या ती गप्प बसली तर पोरीचं दूध तर गेलंच, शिवाय तो परवा आणखी काही मागेल. झाकलेलं जोवर त्याच्या हातात आहे तोवर मागणारच.

रात्री सासूने विचारलं, का गं, काय झालं? ती म्हणाली, काही नाही. या घरात आता दोघीही एकमेकींवर विश्वास टाकत नव्हत्या, त्यात नवीन काही नव्हतं.

खात्याच्या बाई आल्या त्या बुटक्या, घामाघूम, खांद्याला जड पिशवी. नियम त्यांनाही होता. त्या आंघोळीला गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत. सुपरवायझर दारापाशी येरझाऱ्या घालत होता. लांबी पुटपुटली की बाई वाहून गेल्या वाटतं, पण एवढं पाणी कुठलं? अखेर बाई आल्या, निळा सदरा गुडघ्यापर्यंत, कानामागे साबणाचा फेस तसाच. चेहरा असा की कुणाच्या बाजूच्या आहेत ते कळू नये.

एकेकीला विचारत त्या टेबलाशी आल्या. सुपरवायझर खांद्याशीच उभा.

"लहान मूल आहे ना तुमचं? पाजायला सुट्टी मिळते?"

"मिळते," ती म्हणाली. "पण ती आंघोळीत जाते."

सुपरवायझर मधे काही बोलू लागला. बाईंनी हात वर केला. आता थांबलं तर पुन्हा बोलता येणार नाही, हे तिला आतून कळलं.

"आणि माझी सासू चिकनच्या दुकानात पिसं काढते. पोर दिवसभर तिच्याजवळ असते. हे नियमात बसत नाही. मला कळल्यावर मी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. साहेबांना आधीपासून माहीत आहे. सुट्टी सोडली असं सांग, मग मी बोलणार नाही, असं ते काल म्हणाले."

सुपरवायझर म्हणाला की आपल्याला कालच कळलं, आज आपण कारवाई करणारच होतो.

"काल कसं, साहेब?" लांबी अंड्यावरची नजर न काढता म्हणाली. "टँकर बंद पडला त्या दिवशी तुम्हीच म्हणालात ना, बाळंतिणीच्या म्हातारीचा हात काय चालतो, कोंबडी आरशासारखी करते. घाणा तर त्याच्या नंतर बिघडला."

म्हणजे लांबीलाही माहीत होतं. कदाचित सगळ्यांनाच. तिला एकाच वेळी लांबीचे पाय धरावेसे वाटले आणि तोंड बघू नये असंही.

बाईंनी जे ठरवलं ते दोन्हीकडे कापणारं होतं. त्यांनी ते उभ्या उभ्या सुपरवायझरकडून लिहून घेतलं. पोर मांडीवर आल्यापासून उतरेपर्यंत सुट्टी. आंघोळ हा हॅचरीचा नियम, तेव्हा तो वेळ हॅचरीचा. दुसऱ्या न्हाणीघराचं कुलूप आजच काढायचं, पाण्याची सोय मालकाने बघायची. सुट्टी कुणाला मर्जीनेसुद्धा सोडता येत नाही, आणि या कारणाने काढून टाकायचं तर खात्याला उत्तर द्यावं लागेल. पण पक्ष्यांचा नियम बरोबर आहे, त्या म्हणाल्या. सासूबाईंना ते काम सोडावं लागेल; तोवर हिने अंड्यांना हात लावायचा नाही, बाहेर रिकामे ट्रे धुवायचे, पगार तोच. पिल्लं कशाने गेली, असं तिने धीर करून विचारलं. ते मला सांगता येणार नाही, बाई म्हणाल्या, आणि पिशवी उचलली.

दुपारी ती फाटकावर गेली. सासू भिंतीशी बसली होती. तिने पोर घेतली, बसली, आणि सगळं सांगितलं, काही न गाळता. सासू ऐकत राहिली. वाऱ्याबरोबर रस्त्यावरची धूळ आली तेव्हा तिने पोरीच्या तोंडावर हात धरला, तेवढीच हालचाल.

"चारचौघांत सांगितलंस? पिसं काढते म्हणून?"

"हो."

"मला विचारावंसं नाही वाटलं."

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता."

"म्हणाले असते," सासू म्हणाली. "त्या चिकनवाल्याच्या बायकोला मी सांगितलंय, आमच्या घरात कुणाची मिंधी नाही मी. आता त्या साहेबाच्या सांगण्यावरून काम सोडायचं." तिने पदराने कपाळ पुसलं. "लिहून दिलं का त्याने?"

"दिलं."

"तू वाचलंस?"

"वाचलं."

"पुन्हा वाच. असली माणसं शेवटच्या ओळीत मारतात."

पोरीने आज बाटली घेतलेली नव्हती. सासूने दिली नव्हती, की दुकानात गेलीच नव्हती, की नुसता योग, ते तिने विचारलं नाही. पोर भुकेली होती. दोन-चारदा तोंड मारून सोडलं, रागावली, पुन्हा धरलं. मग दूध उतरलं आणि पोरीचा घसा गटगट वाजू लागला.

"जाणार नाही उद्यापासून," सासू म्हणाली. "पण तुझ्या त्या बाई परत आल्या तर एवढं विचार. पाजणारीला सुट्टी आहे. उन्हातून पोर आणणारीला काही कायदा आहे का?"

मान खाली घालून ती पोरीकडे बघत राहिली.

पोरीचे डोळे जडावू लागले आणि वॉचमनने सवयीने काठी आपटली. कालपर्यंत ती या आवाजाला उठत असे. आज गुडघे हलले, पण ती बसून राहिली. त्याने पुन्हा आपटली आणि खुर्चीवरून उठून तो फाटकाच्या गजांशी आला.

सासू कंबरेवर हात टेकून उठली. सुनेकडे तिने पाहिलंच नाही, राग गेलेला नव्हता. ती फाटकापर्यंत गेली आणि गजांपुढे त्याच्याकडे तोंड करून उभी राहिली, अशी की त्याला मागचं काही दिसू नये.

"काय आहे?" ती म्हणाली. "पोर पितेय."